रांचीला जाऊन आले!

"रांचीला निघाले आहे," असे मी शेजारच्या वहिनींना सांगितले तेव्हा त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "एकट्याच? की पोचवायला कोणी येणार आहे?" स्टाफरूममध्येही तोच प्रकार. एका सहकाऱ्याने तर "परतीचे तिकीट काढले आहे ना, बाई?" असे अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले. मी जात होते तिथल्या विद्यापीठातल्या एका चर्चासत्राला. पण चर्चासत्राविषयी कोणी एक शब्द विचारला नाही.

असे प्रत्येक मुलखाचे एक गाव असते. पुण्याच्या माणसाला येरवडा, मुंबईकराला ठाणे, कोकणातल्याला रत्नागिरी. येरवड्याची तर आणखी एक मौज, की तिथे तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही. त्यामुळे "याला येरवड्याला पाठवा" असे कोणी म्हटले की नेमके कुठे, असे विचारावे लागते. मौज म्हटले खरे, पण या गोष्टीकडे मला पुढे पुन्हा यावे लागणार आहे. गंगेच्या मुलखात मात्र वेडाला एकच पत्ता : रांची. नेमका सांगायचा तर रांचीजवळचे कांके.

कुर्ल्याहून हटियाची गाडी पकडली. जवळजवळ तीस तासांचा प्रवास. नागपूर गेले, बिलासपूर गेले, राउरकेल्यानंतर खिडकीबाहेर सालाची झाडे आणि तांबडी माती दिसू लागली. ती माती पाहून कोकणाची आठवण झाली, पण हवा कोकणची नव्हे. रांची समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर, म्हणजे जुन्या हिशेबाने एकवीसशे फुटांवर आहे. इंग्रजांच्या काळी ही बिहारची उन्हाळी राजधानी. रवींद्रनाथांचे थोरले बंधू ज्योतिरिंद्रनाथ इथल्या मोराबादी टेकडीवर घर बांधून राहिले आणि १९२५ साली तिथेच वारले. टेकडीला अजून टागोर हिल म्हणतात. गावातल्या जुन्या तुरुंगात बिरसा मुंडा यांचा ९ जून १९०० रोजी मृत्यू झाला. तो तुरुंग आता संग्रहालय झाला आहे. हुंड्रूचा धबधबा पाहिला, तो छान आहे. पण धबधब्यांची वर्णने वाचकांनी इतकी वाचली असतील की माझे एक कमी झाले तर बिघडणार नाही. धुस्का मात्र सांगितलाच पाहिजे. तांदूळ आणि डाळ वाटून तळलेली ही फुगीर पुरी, सोबत हरभऱ्याची घुगनी. आपल्या वड्याची चुलत बहीण म्हणा. दोन दिवस मी सकाळी दुसरे काही खाल्ले नाही.

आमचे यजमान हिंदीचे निवृत्त प्राध्यापक. गृहस्थ बोलके, चालायला खंबीर, आणि पाहुण्याला गाव दाखवायची भारी हौस. "बहनजी, कांके देखेंगी?" त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारले. मी जरा चपापले. मनोरुग्णालय ही का पाहायला जायची जागा? पण ते म्हणाले, "आत नाही जायचे. बाहेरूनच बघू. आत कोणी कशासाठी जावे, तेही सांगतो." हे गृहस्थ पूर्वी अशाच एका संस्थेच्या पाहणी समितीवर होते, हे मला तेव्हा कळले. कोणती संस्था ते त्यांनी सांगितले नाही; मीही विचारले नाही.

कांके रांचीच्या उत्तरेला, आठ-दहा किलोमीटरवर. वाटेत कांक्याचे धरण लागते, पुढे शेतकी विद्यापीठ. गावाचे नाव साऱ्या उत्तर हिंदुस्थानात थट्टेचे, आणि गाव पाहावे तर एखाद्या शांत छावणीसारखे. इथे एक नव्हे, दोन मनोरुग्णालये आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. पहिले १९१८ सालचे, फक्त युरोपियनांसाठी. वेड लागले तरी गोरा तो गोराच! दुसरे हिंदी लोकांसाठी, १९२५ सालचे. गोऱ्यांच्या रुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल हे मोठे विक्षिप्त आणि मोठे कर्तबगार गृहस्थ. रुग्णांना हातकामाला लावून बरे करण्याचा प्रयोग त्यांनी १९२० च्या सुमारास इथे केला. आणि रुग्णालयात हिंदी माणसाला मज्जाव असला तरी अधीक्षकांची स्वतःची पत्नी मलबारची होती. हिंदी रुग्णालयाचे पहिले भारतीय अधीक्षक मात्र एक पारशी डॉक्टर, धनजीभाई; १९२५ पासून पंधरा वर्षे त्यांनी ते सांभाळले. काझी नझरुल इस्लाम यांची वाचा आणि स्मृती गेली तेव्हा त्यांनाही १९५२ मध्ये उपचारासाठी रांचीलाच आणले होते.

मी भाषेची मास्तरीण, म्हणून पाट्यांकडे माझे लक्ष आधी जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत या संस्थांवर 'ल्युनॅटिक असायलम' अशी पाटी असे. १९२० नंतर तिची 'मेंटल हॉस्पिटल' झाली. मग 'मानसिक आरोग्यशाला', आणि आता तर मोठे थोरले नाव असलेली शिक्षणसंस्था. मराठीतही 'वेड्यांचे इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' आले. गंमत अशी की मराठीत 'वेडा' हा शब्द मुळात लाडाचा. आई मुलाला वेडा म्हणते, भक्त देवाचा वेडा होतो, आणि गाण्याचे वेड असणे ही तर चारचौघांत सांगायची गोष्ट. त्याच शब्दापुढे 'इस्पितळ' लागले की घरातली माणसे आवाज खाली करतात. पाटी बदलायला रंगारी पुरतो; दाराला मात्र रंगारी पुरत नाही.

रुग्णालयासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. बाह्यरुग्ण विभागासाठी आलेली माणसे भोवती होती. बिहारमधून, बंगालमधून, ओरिसाच्या सीमेवरून आलेली. कोणाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, कोणाच्या मांडीवर डबा. एरवी कुठल्याही मोठ्या दवाखान्यासमोर दिसतात तशीच. मी उगाच काही वेगळे शोधत होते, ते सापडले नाही.

"या भिंतीच्या आत काय चालते, हे दिल्लीला कसे कळले, माहीत आहे?" यजमानांनी विचारले. "चिट्ठी से!"

गोष्ट खरी आहे. १९८० नंतरच्या काळात पाटण्याच्या दोन नागरिकांनी कांक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या अवस्थेबद्दल सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. वकील नाही, मुद्रांक नाही, साधे पत्र. न्यायालयाने त्यालाच याचिका मानले आणि चौकशी करवली. १९८६ चा हुकूम आज वाचला तर तो कायद्याच्या कागदापेक्षा एखाद्या घरच्या बाईने केलेल्या यादीसारखा वाटतो. प्रत्येक रुग्णाच्या जेवणाला दिवसाला निदान दहा रुपये द्या. पिण्याला शुद्ध पाणी द्या. संडास नीट करा. पंधरा दिवसांत गाद्या आणि कांबळी पुरवा. औषधांवर माणशी इतकाच खर्च करायचा ही मर्यादा काढून टाका. म्हणजे त्या दिवसापर्यंत यातले काय नव्हते, ते वाचणाऱ्याने ओळखावे. आणि शेवटी एक कलम : रांचीच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याने दर तीन आठवड्यांनी स्वतः रुग्णालयात जावे आणि दर तिमाहीला अहवाल पाठवावा.

या शेवटच्या कलमावर यजमानांचा फार जीव. "गादी एकदा मिळते," ते म्हणाले, "पण ती दोन महिन्यांनी तिथे आहे का, हे बघायला कोणी तरी यावे लागते."

तशी पाहणीची सोय कायद्यात पूर्वीही होती. १९१२ च्या कायद्याने प्रत्येक असायलमला तीन तरी 'व्हिजिटर' नेमायचे होते, आणि त्यांतल्या दोघांनी महिन्यातून एकदा जाऊन सारे पाहायचे होते. १९८७ च्या कायद्याने ते पाच केले. पण कागदावरचा व्हिजिटर आणि दारातला व्हिजिटर यांत अंतर असते. आमच्या लहानपणी शाळेत दिपोटीसाहेब यायचे. येण्याच्या आठ दिवस आधी भिंतींना चुना लागे, फळा काळा होई, हुशार मुले पुढच्या बाकावर येत. साहेब दोन प्रश्न विचारत, चहा-पोहे घेत, शेरेबुकात 'प्रगती समाधानकारक' असे लिहीत आणि बैलगाडीत बसत. त्यांना खरी शाळा कधीच दिसली नाही. दिसणार कशी? ती त्यांच्या येण्याआधीच झाकून ठेवलेली असे.

मी हे सांगितले तेव्हा यजमान मोठ्याने हसले. मग पाहणी कशी करायची, ते त्यांनी जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले, कारण इतकी व्यवहाराची गोष्ट मला कोणी पुष्कळ दिवसांत सांगितली नव्हती. आधी कळवून जायचे नाही. कार्यालयात चहा घ्यायचा नाही. घेतला की अर्धा तास तिथेच जातो. स्वयंपाकघर सगळेच दाखवतात, आपण नळ सोडून बघायचा. रात्री दिवे लागतात का आणि संडासाला आतून कडी आहे का, ते पाहायचे. कोंडून ठेवण्याची खोली 'भांडारघर' म्हणून दाखवली जाते, तेव्हा भांडारात काय आहे, ते उघडून पाहायचे. मग माणसांची डोकी पाहायची. सगळ्यांचे केस एकाच मापाचे असतील तर तिथे माणसांची कातरणी मेंढरांसारखी होते, हे समजावे. २०१७ च्या कायद्याने सक्तीचे मुंडण बंद केले आहे. ज्याला वाटेल त्याला स्वतःचे कपडे घालता आले पाहिजेत, काम करून घेतले तर मजुरी दिली पाहिजे, साखळीने बांधणे तर कुठल्याही कारणाने चालणार नाही. हे सारे डोळ्यांनी दिसते, त्याला डॉक्टर असावे लागत नाही.

"आणि सगळ्यात शेवटी रजिस्टर," ते म्हणाले. "नावे नाही वाचायची. तारखा वाचायच्या. आत आल्याची तारीख, आणि बरा झाला असे डॉक्टरने लिहिले ती तारीख. दोहोंच्या मधला काळ आजाराचा. दुसरीच्या पुढचा काळ कोणाचा, ते विचारायचे."

या दुसऱ्या तारखेपुढच्या काळाविषयीच मला खरे तर लिहायचे आहे.

आमच्या वाड्यात एक काकू होत्या. बाळंतपणानंतर त्या बोलेनाशा झाल्या, मग नको ते बोलू लागल्या. एके दिवशी त्यांना टांग्यात बसवून नेले. मुलांना सांगितले, माहेरी गेल्या. वर्षभराने म्हणे त्या सुधारल्याचे पत्र आले. तोवर घरात दुसरी काकू आली होती, आणि त्या कुटुंबाने बिऱ्हाडही बदलले होते. पुढची पत्रे कुठे गेली, कोणास ठाऊक. मी हे मोठी झाल्यावर आईकडून ऐकले. आईने तेही आवाज खाली करूनच सांगितले. अशी एखादी काकू किंवा एखादा मामा ज्या घरात नाही, असे घर मध्यमवर्गात शोधावे लागेल. फक्त त्यांचे फोटो भिंतीवर नसतात.

तिसऱ्या दिवशी आम्ही हजारीबागला गेलो. रामगढवरून चुटूपालूचा घाट चढून-उतरून रस्ता जातो, दोन्हीकडे सालवन. इथला मध्यवर्ती तुरुंग आपल्याला ठाऊक आहे तो एका दिवाळीमुळे. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री पहारेकरी सणाच्या गडबडीत असताना जयप्रकाश नारायण आणि त्यांचे पाच साथीदार धोतरांना गाठी मारून भिंतीवरून पसार झाले. तुरुंगाला आता जयप्रकाशांचेच नाव आहे. बाहेर उभे राहून भिंतीची उंची डोळ्यांनी मोजावीशी वाटते, आणि मी ती मोजली.

पण याच भिंतीच्या आत असेही लोक होते, की ज्यांना धोतराची गाठ मारायचे सुचले नाही. १९८२ च्या जानेवारीत हजारीबागच्या मोफत कायदा-मदत समितीने सर्वोच्च न्यायालयाला पत्र पाठवले. पुन्हा पत्रच! तुरुंगात सोळा कैदी आहेत, पुष्कळांना खटल्याच्या वेळी किंवा नंतर वेडे ठरवले होते, आणि ते अजून आतच आहेत. काहींना वीस-पंचवीस वर्षे झाली होती, काहींना तीसच्या वर. जयप्रकाशांनी उडी मारली त्यानंतर थोड्याच वर्षांनी आत आलेला माणूस देश स्वतंत्र झाला, आणीबाणी आली आणि गेली, तरी आतच होता. त्यांतले काही केव्हाच बरे झाले होते. 'याचे डोके ठिकाणावर आहे' असा दाखला तुरुंगातून सरकारकडे गेलाही होता. एकाच्या बाबतीत तो १९६६ साली गेला. सुटकेचा हुकूम सोळा वर्षांत आला नाही. कोणी दुष्टपणा केला असे नाही. कागद कुठे तरी थांबला, एवढेच. न्यायमूर्ती भगवतींच्या न्यायासनाने त्यांना सोडण्याचा हुकूम दिला, आणि त्यात एक गोष्ट आठवणीने घातली : घरी पोचण्याचे भाडे आणि आठवडाभराच्या पोटापाण्याचा खर्च सरकारने द्यावा. तीस वर्षांनी घरी निघालेल्या माणसाला पहिला आठवडा कोण जेवू घालणार, हा विचार न्यायाधीशाला सुचला, याचे मला फार वाटले.

आसामातल्या मचाल लालुंगची हकीकत याहून लांबची. १९५१ साली तरुणपणी पकडला. खटला चाललाच नाही. तेजपूरच्या मनोरुग्णालयाने १९६७ साली तो बरा असल्याचे कळवले, तर घरी न पाठवता त्याला गुवाहाटीच्या तुरुंगात नेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने लक्ष घातल्यावर २००५ साली तो एक रुपयाच्या जातमुचलक्यावर सुटला. चौपन्न वर्षे! सुटल्यावर जेमतेम दोन वर्षे जगला.

येरवड्याकडे परत येईन म्हटले होते, ते यासाठी. तुरुंग आणि मनोरुग्णालय यांच्यातली भिंत आपण समजतो तितकी जाड कधीच नव्हती. गुन्हा नाही, खटला नाही, फक्त डोके ठिकाणावर नाही म्हणून माणसांना चक्क तुरुंगात ठेवण्याची चाल या देशात पुष्कळ वर्षे होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. १९९७ च्या नोव्हेंबरात रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील रुग्णालयांवर नजर ठेवण्याचे काम न्यायालयाने मानवाधिकार आयोगाकडे सोपवले. आता २०१७ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्यांसाठी पुनरावलोकन मंडळे आहेत. अध्यक्ष न्यायाधीशाच्या तोडीचा, पण सभासदांत दोन जागा स्वतः आजार भोगलेल्यांसाठी, त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी किंवा अशा कामातल्या संस्थांसाठी राखलेल्या. मर्जीविरुद्ध कोणाला भरती केले तर मंडळाला सात दिवसांत कळवायचे, बाई असेल तर तीन दिवसांत. तीस दिवसांपुढे ठेवायचे तर मंडळाची मंजुरी. आणि केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला आत ठेवता येणार नाही.

कायदा चांगला आहे. पण २०२३ च्या जानेवारीत याच आयोगाने देशातल्या ४६ सरकारी मनोरुग्ण संस्थांची अवस्था अमानुष आणि शोचनीय असल्याचे म्हटले, आणि बरे झालेल्यांना बेकायदा ठेवून घेतल्याचा ठपका ठेवला. आपण मराठी लोकांनी नाक वर करण्यात अर्थ नाही. बऱ्या झालेल्यांना मनोरुग्णालयातून हलवून भिकाऱ्यांच्या गृहात आणि वृद्धाश्रमांत धाडण्याची युक्ती आपल्याच राज्याला सुचली होती. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तत्काळ थांबवायला सांगितली. आजारी नाही, भिकारी नाही, म्हातारी नाही, अशा बाईला ठेवायचे कुठे? सरकारकडे तिच्यासाठी इमारत नाही. मग घर आहे का, हा प्रश्न उरतो, आणि तो न्यायालयाच्या हुकमाने सुटत नाही. यजमान म्हणाले, पाहणीत सगळ्यांत कठीण काम नळ सोडणे नव्हे. रजिस्टरातल्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावणे. निम्म्या घरांत माणसे चहा देतात, रडतात आणि 'पुढच्या महिन्यात येतो' म्हणतात.

परत येताना आम्ही रामगढहून पत्रातूची वाट धरली. पत्रातूचा घाट नागमोडी आणि फारच देखणा. सहलीच्या गाड्यांची गर्दी होती. पिठोरिया मागे टाकून कांक्याला पोचलो तेव्हा चार वाजले असतील. यजमानांना चहाची तलफ आली, म्हणून पुन्हा त्याच टपरीवर थांबलो.

बाकावर एक म्हातारा बसला होता. डोक्याला गमछा, पायाशी पत्र्याची पेटी. शेजारी तिशी-पस्तिशीची बाई, नवी छापील साडी नेसलेली. घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. यजमानांनी सवयीने विचारपूस केली. मुलगी होती. डॉक्टरांनी सोडले होते, तो न्यायला आला होता. रामगढच्या अलीकडे गाव. "किती दिवस होती?" यजमानांनी विचारले. म्हाताऱ्याने बोटे मोजली, मग मोजायचे सोडून दिले. म्हणाला, "मोठ्या मुलाचे लग्न झाले तेव्हा नव्हती. आता नातवंड शाळेत जाते."

बाई काही बोलली नाही. धुस्क्याच्या परातीकडे पाहत होती. टपरीवाल्याने न विचारता द्रोणात दोन धुस्के आणि घुगनी घालून पुढे केली. तिने एक खाल्ला, दुसरा पदराच्या टोकाला बांधला. इतक्यात बस आली. म्हातारा पेटी उचलायला वाकला, तोवर ती गर्दीतून वाट काढून वर चढली होती, आणि खिडकीजवळची जागा धरून, शेजारच्या जागेवर हात ठेवून, बापाला हाका मारत होती.